ना कोरडी, ना पाणथळ: निकलेट मातीची ओळख

अमेरिकेतल्या आयोवाच्या उत्तर-मध्य भागातलं मक्याचं शेत वसंतात मशागत होऊन उघडं पडलेलं असतं, तेव्हा एकाच शेतात मातीच्या तीन छटा दिसतात. उंचवट्यावरची माती तपकिरीकडे झुकलेली असते, खोलगटातली काळीकुळकुळीत असते, आणि या दोन्हींच्या मधली, जेमतेम जाणवेल अशा उतारावरची, काळीच पण थोडी उतरलेली असते. उंचवटा आणि खोलगट यांच्या उंचीतला फरक कित्येक ठिकाणी दोन-तीन मीटरांपलीकडे जात नाही. तरीही तिथल्या मृदासर्वेक्षणात या तीन मातींना तीन वेगळी नावं आहेत. उंचवट्यावरची क्लॅरियन, सखल भागातली वेबस्टर आणि मधली निकलेट. प्रस्तुत पुस्तक या मधल्या मातीबद्दल आहे.

परमुलखातल्या एका मातीवर मराठीत अख्खं पुस्तक कशासाठी, असं वाचक विचारेल, आणि त्यानं विचारावंच. आपल्याकडे मातीवरचं लेखन दोन टोकांवर फार रेंगाळतं. एका टोकाला उत्तम निचऱ्याची जमीन, तिचं कौतुक करायचं. दुसऱ्या टोकाला चिबड जमीन, तिची सुधारणा करायची. वर्षाचे काही महिने ओल धरून बसणाऱ्या आणि उरलेले महिने धडधाकट असणाऱ्या जमिनी मात्र दोन्हीकडून सुटतात. पाणी मातीला कसं घडवतं हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते या मधल्या जमिनींतच, अशी माझी पक्की धारणा आहे. निकलेटचा अभ्यास तिथल्या विद्यापीठानं आणि सर्वेक्षण खात्यानं पिढ्यान् पिढ्या केला आहे. म्हणून उदाहरण म्हणून ती निवडली.

या मातीचं अधिकृत वर्णन एका ओळीत मावतं. खूप खोल, काहीशी अपुऱ्या निचऱ्याची, हिमनदीनं टाकलेल्या चुनायुक्त पोयट्यापासून झालेली माती. या ओळीतल्या प्रत्येक शब्दामागे मोठी घडामोड आहे. ती ठाऊक नसेल तर पुढच्या प्रकरणांतले तक्ते नुसते आकडे वाटतील.

सुरुवात बर्फापासून करावी लागते. सुमारे १६ ते १७ हजार वर्षांपूर्वी कॅनडाकडून दक्षिणेला पसरलेल्या विराट हिमस्तराचा एक फाटा मिनेसोटातून आयोवात उतरला आणि आज जिथे डे मॉइन ही राजधानी आहे तिथपर्यंत येऊन थांबला. भूशास्त्रात त्याला डे मॉइन लोब म्हणतात. येताना त्यानं वाटेतले खडक खरवडले आणि भरडले. उत्तरेकडचा ग्रॅनाइट, चुनखडक, क्रेटेशस काळातला मऊ शेल, सगळं त्याच्या पोटात गेलं. पुढच्या दोन-तीन हजार वर्षांत बर्फ वितळून मागे हटला आणि पोटातला ऐवज होता तिथेच राहिला. या ऐवजाला टिल म्हणतात.

टिल आणि नदीचा गाळ यांतला फरक आपण नीट लक्षात घ्यायला हवा, कारण आपल्या डोळ्यांना सवय आहे ती नदीच्या गाळाची. वाहतं पाणी माल निवडून टाकतं. गोटे आधी, मग वाळू, मग बारीक गाळ, आणि चिकणमाती अगदी संथ पाण्यात. कृष्णेच्या किंवा गोदावरीच्या काठी खोदलं तर हे थर वेगळे ओळखू येतात. बर्फ काहीच निवडत नाही. त्यामुळे टिलच्या एका ढेकळात पिठासारखी बारीक चिकणमाती, वाळूचे कण, हरभऱ्याएवढे खडे आणि कधी मुठीएवढा ग्रॅनाइटचा गोटा एकत्र सापडतो. शेतात तर माणसाला हलणार नाहीत असे मोठाले धोंडेही निघतात, आणि त्यांच्या मूळच्या खडकाचा पत्ता शेकडो किलोमीटर उत्तरेला लागतो. हिवाळ्यात जमीन गोठते, उन्हाळ्याआधी मोकळी होते आणि या उलाढालीत दगड वर सरकत राहतात. म्हणून त्या भागातल्या शेतकऱ्याला वसंतात दगड वेचण्याचं काम चुकत नाही.

या सरमिसळीतूनच पोयटा मिळाला. ज्या मातीत चिकणमाती ७ ते २७ टक्के, बारीक गाळ २८ ते ५० टक्के आणि वाळू ५२ टक्क्यांच्या आत असते, तिला शास्त्रात पोयटा म्हणतात. डे मॉइन लोबचा टिल बहुतांशी या मर्यादेत बसतो. वरच्या थरात, शतकानुशतकांच्या झिजेनंतर, चिकणमातीचं प्रमाण आणखी वाढून ती चिकण-पोयट्यात जाते. शेलच्या चुऱ्यातून स्मेक्टाइट जातीची चिकणमाती आली. आपल्या काळ्या कापसाच्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पाडणारं खनिज याच कुळातलं. निकलेटमध्ये ते बेताचं असल्यामुळे भेगा पडत नाहीत, पण ओलावा आणि अन्नद्रव्यं धरून ठेवण्याची ताकद भरपूर येते. चुनखडकाच्या चुऱ्यानं सामू ताळ्यावर ठेवला. बर्फानं इतकं दिलं, म्हणून ही जमीन सुपीक.

निचऱ्याचं कोडंही तिथूनच सुटतं. खालचा न झिजलेला टिल घट्ट असतो आणि त्यातून पाणी सावकाश झिरपतं. शिवाय हा प्रदेश भूशास्त्राच्या मोजमापात कालपरवाचा आहे. ओढ्या-नाल्यांना मागे सरकत, कापत, प्रत्येक खोलगटापर्यंत पोचायला वेळच मिळालेला नाही. दक्षिण आयोवात शेवटचा बर्फ सुमारे ५ लाख वर्षांपूर्वी आला होता. तिथे ओढ्यांनी जमीन कापून काढली आहे आणि प्रत्येक उताराला वाट मिळाली आहे. डे मॉइन लोबवर मात्र हजारो बशीसारखे खोलगट आहेत, ज्यांतून पाण्याला बाहेर जायला वाटच नाही. पाऊस साधारण ८०० ते ९०० मिलिमीटर, म्हणजे अवाढव्य नाही. तो पेरणीच्या सुमारास, मे-जूनमध्ये, जास्त पडतो, आणि त्याआधी वितळलेल्या बर्फानं जमीन ओली झालेलीच असते. उंचवट्यावर पडलेलं पाणी मातीतून तिरकं सरकत सखल भागाकडे जातं. वाटेत निकलेटचा उतार लागतो. तिथे ते पूर्ण तुंबतही नाही आणि पटकन निघूनही जात नाही.

अमेरिकी मृदासर्वेक्षणात निचऱ्याचे सात पारंपरिक वर्ग आहेत. अतिजलद निचऱ्यापासून मोजत आलं तर 'काहीशी अपुरी' हा पाचवा. व्याख्या अशी की पाणी सावकाश हटतं आणि पिकाच्या हंगामात बराच काळ माती उथळ खोलीवर ओली राहते. निकलेटच्या बाबतीत वसंतात भूजलपातळी फूट-दीड फुटापासून अडीच-तीन फुटांपर्यंत कुठेतरी असते आणि उन्हाळा चढला की खूप खाली उतरते. जमिनीवर पाणी साचत नाही. वरून पाहणाऱ्याला काही बिघडलेलं दिसतही नाही.

दिसतं ते गिरमिट आत घातल्यावर. गिरमिटाच्या पात्यात आलेली माती खोलीच्या क्रमानं शेजारी मांडत जावी. पहिले ४०-४५ सेंटिमीटर जवळजवळ काळे, दाणेदार, बोटांत सहज सुटणारे. त्याखाली रंग मळकट तपकिरी होतो आणि ढेकूळ फोडलं की आत दोन प्रकारचे डाग दिसू लागतात. करडे आणि तांबूस-नारिंगी. जुन्या मुळांच्या वाटेभोवती माती करडी पडलेली असते आणि तिच्या थोडं बाजूला नारिंगी कडा धरलेली असते. क्वचित मोहरीएवढ्या काळ्या गोळ्या मिळतात, त्या मँगनीजच्या. मीटरभर खोल गेलं की रंग फिकट पिवळसर-हिरवट होतो. तिथल्या मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले की फसफसून येतं. पावसानं वरचा चुना धुऊन जिथवर नेला, त्याची ती सीमा. हा सगळा छेद तासाभरात काढता येतो, आणि माझ्या मते मृदाशास्त्राच्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा तो तास जास्त शिकवतो.

डागांचं कारण रसायनशास्त्रात आहे. मातीच्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की आतल्या जिवाणूंना हवेतला ऑक्सिजन मिळेनासा होतो. श्वसन तर थांबत नाही. मग ते ऑक्सिजनच्या जागी इतर पदार्थ वापरू लागतात, आणि त्यांचा क्रमही ठरलेला असतो. आधी नायट्रेट, मग मँगनीज, मग लोह. लोहाचा गंजाच्या रंगाचा प्रकार पाण्यात विरघळत नाही. जिवाणूंनी त्याचं रूपांतर केलं की तो विरघळतो आणि पाण्याबरोबर सरकतो. लोह निघून गेलेली जागा करडी दिसते. सरकलेलं लोह जिथे हवेला भेटतं तिथे पुन्हा गंजून बसतं, म्हणून तिथे नारिंगी डाग. उत्तम निचऱ्याच्या क्लॅरियनमध्ये वरच्या दोन-अडीच फुटांत हे डाग सहसा नसतात. वेबस्टरमध्ये काळ्या थराखाली सलग करडेपणा लागतो. निकलेटमध्ये करडं आणि नारिंगी शेजारी-शेजारी नांदतात, कारण तिथे पाणी आणि हवा यांची दरवर्षी अदलाबदल होते.

यामुळेच सर्वेक्षकाला भर ऑगस्टमध्ये, जमीन ठणठणीत कोरडी असताना, एप्रिलमध्ये पाणी कुठवर चढतं ते सांगता येतं. एका गोष्टीचं भान मात्र हवं. निचऱ्याचे नळ पुरल्यानंतरही हे रंग शतकभर तसेच राहू शकतात. रंग मातीचा पूर्वेतिहास सांगतात, आजची पाणीपातळी सांगतीलच असं नाही. हा मुद्दा पाठ्यपुस्तकांत एका वाक्यात उरकलेला असतो. या पुस्तकात त्याला पुरेशी जागा दिली आहे.

आता काळ्या थराकडे वळू. बर्फ गेल्यावर तिथे आधी सूचिपर्णी झाडं आली, पुढे हवामान उष्ण-कोरडं झाल्यावर उंच गवताची प्रेअरी आली आणि हजारो वर्षं टिकली. गवताचा निम्म्याहून अधिक भाग जमिनीखाली, मुळांत असतो. दरवर्षी त्यातली मुळं मरत आणि जागच्या जागी कुजत. ओल्या, थंड मातीत कुजणं सावकाश होतं, म्हणून सेंद्रिय पदार्थ साठत गेला. निकलेटच्या वरच्या थरात तो साधारण ५ टक्के असतो, म्हणजे सेंद्रिय कर्ब ३ टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडे मराठवाड्यात अर्धा टक्का कर्ब असलेली जमीन सर्रास सापडते, यावरून अंदाज यावा. उंचवट्यावर, जिथे निचरा चांगला, तिथे हाच साठा कमी आहे. सखल भागात तो अधिक आहे. पाण्याच्या संथपणाला दोष म्हणणाऱ्यानं आधी हे पाहावं. या जमिनीची जी दौलत म्हणून वाखाणली जाते, ती त्या संथपणानंच जमवली.

एकोणिसाव्या शतकात आलेल्या गोऱ्या वसाहतकऱ्यांना मात्र त्यात अडचणच दिसली, आणि त्यांच्या जागी राहून विचार केला तर ते समजण्यासारखं आहे. वापसा येईपर्यंत पेरणी खोळंबायची. वाट न पाहता औत घातलं तर माती दबून ढेकळं व्हायची. ओली जमीन उशिरा तापते, त्यामुळे मका उगवायलाही उशीर. १८५० सालच्या केंद्रीय कायद्यानं दलदलीच्या जमिनी निचरा करण्याच्या अटीवर राज्यांकडे सोपवल्या. त्याआधीच, १८३५ साली, न्यूयॉर्क राज्यातल्या जिनीव्हाजवळच्या जॉन जॉन्स्टन या मूळच्या स्कॉटिश शेतकऱ्यानं मायदेशाहून भाजक्या मातीच्या नळांचे नमुने मागवले आणि पुढे तसे नळ शेतात पुरायला सुरुवात केली. शेजाऱ्यांनी वेडगळपणा ठरवलेला हा प्रयोग पुढे संपूर्ण मध्यपश्चिमेची शेती बदलून गेला. नळ साधारण तीन-चार फूट खोल, ठरावीक अंतरावर, मंद उतारावर टाकायचे. माती तृप्त झाली की जादा पाणी सांध्यांतून आत येतं आणि चरात किंवा ओढ्यात जाऊन पडतं. १९६० च्या दशकापासून मातीच्या नळांऐवजी सच्छिद्र प्लॅस्टिकचे पाइप आले. खोलगटांतली तळी आटली आणि आयोवातल्या पाणथळ जागांपैकी सुमारे नव्वद टक्के नाहीशा झाल्या. मूळ प्रेअरी आज तिथे हजारात एक हिस्साही उरलेली नाही.

पिकाच्या बाजूनं पाहिलं तर नळांनी निकलेटचं सोनं केलं. पोयट्याचा पोत, खोल काळा थर, बेताचा उतार आणि आता वेळेवर वापसा. मका-सोयाबीनच्या फेरपालटीसाठी ही जगातल्या उत्तम जमिनींत मोडते. तिच्या शेजारणींना काही दुखणी राहिली. खोलगटांच्या काठावर हार्प्स नावाची चुन्यानं भरलेली माती आहे. तिथे सोयाबीनला लोह मिळत नाही आणि पानं पिवळी पडतात. आपल्याकडे उसावर केवडा पडतो त्यातलाच तो प्रकार. निकलेट त्या त्रासातून बव्हंशी सुटली.

हिशेबाची दुसरी बाजू नदीत दिसते. मघाशी सांगितलेला क्रम आठवावा. ऑक्सिजन संपला की जिवाणू सर्वांत आधी नायट्रेट वापरतात आणि त्याचा निरुपद्रवी नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. नळ नसलेल्या निकलेटमध्ये संथ चालणाऱ्या पाण्याला ही गाळणी आपोआप लाभत होती. नळांनी पाण्याला आडवाट दिली. आता खतातलं आणि सेंद्रिय पदार्थ कुजून सुटलेलं नायट्रेट जिवाणूंच्या तावडीत सापडण्याआधीच ओढ्यात पोचतं. एप्रिल ते जून या काळात, जेव्हा जमीन उघडी असते आणि पीक लहान असतं, हा ओघ सर्वांत मोठा. रकून नदीतून तो डे मॉइन शहराच्या पाणीपुरवठ्यात येतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट-नायट्रोजन लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, म्हणून तिथल्या पाणीपुरवठा संस्थेला नायट्रेट काढण्याचं स्वतंत्र यंत्र बसवावं लागलं. २०१५ साली या संस्थेनं सॅक, ब्वेना व्हिस्टा आणि कॅल्हून या तीन काउंटींतल्या निचरा-मंडळांवर केंद्रीय न्यायालयात दावा लावला. या मंडळांना तो प्रश्न सोडवण्याचे अधिकारच नाहीत, या कायदेशीर मुद्द्यावर २०१७ मध्ये तो निकाली निघाला. नदीतलं नायट्रेट होतं तिथेच राहिलं. उरलेलं मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखातात जातं, आणि उन्हाळ्यात तिथे ऑक्सिजनविना ओस पडणाऱ्या पाण्याला हातभार लावतं.

मी शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाही. नळ काढून टाका, असं म्हणणारा त्या भागात एकही जाणता माणूस भेटणार नाही. पण संथ पाण्याचं काम दुसऱ्या कुणीतरी करायलाच हवं, हे आता तिथेही मान्य होत आहे. लाकडाच्या चिप्सनं भरलेल्या चरातून नळाचं पाणी खेळवायचं, म्हणजे जिवाणूंना खाद्य मिळून नायट्रेट हवेत जातं. ओढ्याच्या काठच्या गवताळ पट्ट्यात नळाचं पाणी आडवं सोडून मुरवायचं, हा उपाय मध्य आयोवातल्या बेअर क्रीकच्या काठी आजमावला गेला. हिवाळ्यात नळाच्या तोंडाशी फळ्या टाकून पाणी अडवायचं आणि पेरणीआधी सोडायचं. तिन्ही उपाय चांगले आहेत. तिन्ही मिळून अजून फार थोड्या क्षेत्रावर आहेत, आणि ती खरी काळजीची बाब आहे.

महाराष्ट्राशी या विषयाचे धागे थोडे आहेत, पण खरे आहेत. हिमनदीचा टिल आपल्याकडेही आहे, फक्त तो ३० कोटी वर्षांचा झाला आहे. चंद्रपूरजवळ इरई नदीच्या परिसरात तालचीर काळातला गोटेमिश्रित थर आहे, आणि त्याच्या खालच्या चुनखडकावर बर्फानं ओढलेल्या दगडांचे ओरखडे दिसतात. गोंडवन भूमी दक्षिण ध्रुवाकडे असतानाची ती निशाणी. आता तो थर खडक झाला आहे. निकलेटचा टिल अजून हातानं फुटतो, एवढाच काय तो फरक. दुसरा धागा निचऱ्याचा. सांगली आणि शिरोळच्या क्षारपड-चिबड जमिनींत आज सच्छिद्र पाइप पुरले जात आहेत. तंत्र तेच आहे, रोग मात्र वेगळा आहे. आयोवात पाणी निसर्गानं आणलं, इथे कालव्यानं आणि उपसा सिंचनानं. तिथे क्षारांचा प्रश्न नाही, इथे तोच मुख्य आहे. त्यामुळे पुढच्या पानांतले नळांच्या अंतराचे आणि खोलीचे आकडे कुणी उचलून थेट आपल्या शेतात वापरू नयेत. उचलायची असेल तर पद्धत उचलावी. आधी छेद पाहायचा, डागांची खोली मोजायची, मग पाइपचा विचार करायचा. आणि पाइपमधून निघणारं पाणी कुणाच्या पाणवठ्यात जातं, हे पहिल्याच दिवशी विचारायचं.

वाचकाला एक विनंती आहे. दुसरं प्रकरण सुरू करण्याआधी, पाऊस उघडून वापसा आला की, आपल्या शेताच्या उतारावर मध्यावर तीन फूट खोल खड्डा घ्या. एक बाजू सुरीनं ताशीव करा, सावलीत ओल्या मातीचं ढेकूळ फोडून पाहा, आणि पहिला करडा किंवा नारिंगी डाग जमिनीखाली किती इंचांवर दिसला तो आकडा वहीत लिहून ठेवा. दुसऱ्या प्रकरणातला पहिला तक्ता त्या आकड्याशेजारी ठेवूनच वाचायचा आहे.